ठोके चुकतात म्हणून मॅग्नेशियम? मेडिकलच्या काचेच्या कपाटाची झाडाझडती

“अण्णा, छातीत धडधडतंय, ते मॅग्नेशियम दे की एक डबा.” बेळगावचा खडेबाजार असो, टिळकवाडी असो की खानापूरचा स्टँड, मेडिकलच्या काउंटरवर हल्ली अशी मागणी होते. डबा मिळतोही लगेच, कारण त्याला चिठ्ठी लागत नाही. तो औषध नाही, आरोग्यपूरक आहे. कायद्यानेच त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापावं लागतं. ती ओळ फारसं कुणी वाचत नाही. मागणारा तर औषध म्हणूनच मागत असतो.

इथे बघायचं आहे ते एवढंच: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एएफ’ म्हणतात, तो असलेल्या माणसाने या कपाटातलं काय घ्यावं, काय घेऊ नये, आणि कशाच्या जवळपासही जाऊ नये. पूरक डब्यांच्या ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच घटकाचे दहा डबे असतात आणि फरक नावात नसतो, मागच्या बारीक तक्त्यात असतो.

एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरतात. नाडी कुठल्याच तालात बसत नाही. धडधडीचा त्रास होतोच, पण खरा धोका दुसराच. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमुळे हा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून डॉक्टर दोन वेगळ्या कामांच्या गोळ्या देतात. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, अमिओडेरोन वगैरे वेगासाठी किंवा तालासाठी. असेनोकुमारॉल, वॉर्फरिन, डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्सॅबॅन वगैरे रक्त पातळ ठेवण्यासाठी. पूरक गोळ्यांपैकी एकही या दुसऱ्या प्रकारची जागा घेऊ शकत नाही. मॅग्नेशियमने धडधड कमी वाटली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडणं, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक. धडधड थांबली तरी एएफ आत चालूच असू शकतो, आणि गुठळी होताना छातीत काही धडधडत नाही.

आता एकेक डबा.

मॅग्नेशियम: घ्यावं, पण अटीवर

सगळ्यात जास्त खप याचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळही याच्याच लेबलवर. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा नीट राहायला मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की पोटॅशियमही टिकत नाही आणि ठोके भरकटतात, इथपर्यंत शास्त्र पक्कं आहे. एएफचा वेग फार वाढलेला असताना रुग्णालयात शिरेतून मॅग्नेशियम दिलं, तर वेग आवरायला मदत होते, याचाही पुरावा आहे. पण तिथे काही ग्रॅम थेट रक्तात जातात. घरी तोंडाने घेतलेल्या गोळीने एएफचे झटके थांबतात, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तेव्हा गोळीचा उपयोग एकच: कमतरता असेल तर ती भरून काढणं.

कमतरता कुणाला असते, याचा अंदाज चिठ्ठीवरूनच येतो. लॅसिक्ससारखी लघवीची गोळी चालू असेल, तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही लघवीवाटे जातात. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2011 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे ‘गॅसची गोळी’ म्हणून पँटोप्रॅझोल कुणाच्या सांगण्यावरून सुरू झाली हेही लोक विसरतात आणि ती पाच-सात वर्षं चालू राहते. त्यात मधुमेह, रोजची दारू, महिनोन्‌महिने पातळ शौच यांतलं काही जोडीला असेल, तर तपासणी करण्यासारखी आहे.

तपासणीचंही एक आहे. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्ताच्या द्रवात नसतं, बाकी हाडांत आणि पेशींत. रिपोर्ट कमी आला तर कमतरता नक्की. नॉर्मल आला तर मात्र ‘नाहीच’ असं म्हणता येत नाही. डॉक्टर रिपोर्ट आणि चिठ्ठी शेजारी ठेवून ठरवतात ते यासाठी.

आता डबा उलटा करा. समोर मोठ्या अक्षरात ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिलिग्रॅम’ लिहिलंय म्हणून पोटात 1000 मिलिग्रॅम मॅग्नेशियम जात नाही. तो आकडा क्षाराच्या वजनाचा. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम साधारण 14 टक्के, सायट्रेटमध्ये 16, ऑक्साइडमध्ये 60. म्हणजे 1000 मिलिग्रॅम ग्लायसिनेटमधून खरं मॅग्नेशियम 140 मिलिग्रॅमच मिळतं. मागच्या तक्त्यात ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ असा वेगळा आकडा दिला आहे का ते पाहा. दिलाच नसेल तर डबा परत ठेवा. दिला असेल पण गणित जमत नसेल, म्हणजे 1000 मिलिग्रॅम ग्लायसिनेटमधून 200 किंवा 250 मिलिग्रॅम एलिमेंटल असा दावा असेल, तर त्यात स्वस्त ऑक्साइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. ते विष नव्हे, पण ग्लायसिनेटच्या भावात ऑक्साइड कशाला घ्यायचं?

ऑक्साइडमध्ये टक्केवारी भरपूर, पण शोषण कमी. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि पोट साफ करतं. बद्धकोष्ठता असेल त्याला हे आवडतंही. एएफच्या रुग्णासाठी मात्र जुलाब म्हणजे उलटा खेळ: मॅग्नेशियम मिळवायला गेलो आणि पोटॅशियम घालवून बसलो. सायट्रेट बरं शोषलं जातं, पोटाला किंचित ढिलं. ग्लायसिनेट पोटाला सगळ्यात सोसतं, पण महाग. थ्रिओनेट नावाचा आणखी महाग प्रकार मेंदूसाठी म्हणून विकला जातो. त्यात खरं मॅग्नेशियम आठ टक्क्यांच्या आसपास, हृदयासाठी त्याचं काही काम नाही.

भाव डब्यावर बघू नका, 100 मिलिग्रॅम खऱ्या मॅग्नेशियममागे काढा. समजा 60 गोळ्यांचा डबा 600 रुपयांना, दर गोळीत 140 मिलिग्रॅम एलिमेंटल. गोळी दहा रुपयांची, म्हणजे 100 मिलिग्रॅमला सात रुपयांच्या आसपास. शेजारचा 400 रुपयांचा डबा, गोळीत 70 मिलिग्रॅम, गोळ्या तेवढ्याच. तिथे 100 मिलिग्रॅमला साडेनऊ रुपये पडतात. स्वस्त डबाच महाग निघाला.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरुवात रात्रीच्या जेवणानंतर 100 मिलिग्रॅम एलिमेंटलने. आठवडाभर पोट शांत राहिलं तर 200. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला 350 मिलिग्रॅम धरतात, युरोपात 250. त्याच्या पुढे स्वतःहून जायचं नाही. रात्रीची वेळ सांगण्याला कारण आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात आणि तिच्यात नि मॅग्नेशियममध्ये किमान चार तास हवेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू झालं, तर ते मॅग्नेशियमच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर चार ते सहा तास नंतर. एकत्र घेतलं तर मॅग्नेशियम त्याला पोटातच बांधून ठेवतं आणि ताप काही उतरत नाही.

मूत्रपिंड कमजोर असेल तर हा डबा बंद. क्रिएटिनिनच्या रिपोर्टखाली ईजीएफआर असतो, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय याचा आकडा. तो 30 च्या खाली असेल तर मॅग्नेशियमच नाही, मॅग्नेशियम असलेलं अँटासिडही नाही. साचलेलं मॅग्नेशियम ठोके मंद करतं, रक्तदाब पाडतं, माणूस गुंगीत जातो. 30 ते 60 मध्ये असेल तर विचारल्याशिवाय नाही.

आणि हो, डब्याआधी ताट बघा. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यात 50 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम मिळतं, तेवढ्याच बदामात 80, भोपळ्याच्या बियांत दीडशेच्या घरात. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात सुमारे सव्वाशे ते दीडशे. दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी खाणाऱ्या माणसाला मॅग्नेशियमसाठी दुकानात जायची गरज बहुधा पडत नाही. मैद्याच्या ब्रेडवर आणि चहा-खारीवर दिवस काढणाऱ्याची गोष्ट वेगळी.

कॅल्शियम, डी३ आणि के२: सगळ्यात निष्पाप दिसणारा, सगळ्यात धोक्याचा

गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या आईच्या पिशवीत हमखास सापडणारी ही गोळी. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी३, आणि आता बऱ्याच ब्रँडमध्ये ‘के२-7’, म्हणजे व्हिटॅमिन के२ चा एक प्रकार. लेबलवर तेच ‘एमके-7’ किंवा ‘मेनाक्विनोन-7’ म्हणूनही येतं, 45, 50, 90 मायक्रोग्रॅम असं काहीतरी. आकडा इतका लहान की दुर्लक्ष होतं.

असेनोकुमारॉल आणि वॉर्फरिन यांचं कामच मुळी व्हिटॅमिन के अडवण्याचं. रोज के२-7 पोटात घालायचं आणि वर असेनोकुमारॉल घ्यायचं, म्हणजे एका हाताने ब्रेक नि दुसऱ्या हाताने अ‍ॅक्सिलरेटर. के२-7 रक्तात दिवसेंदिवस टिकतं, म्हणून पालकाच्या भाजीपेक्षा याचा परिणाम लांबतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना असेनोकुमारॉलवर ठेवून के२-7 दिलं गेलं. काहींमध्ये रोजच्या अवघ्या 10 मायक्रोग्रॅमनेही रक्त पातळ राहण्यात फरक पडला. आपल्या गोळीत त्याच्या चार-पाचपट, कधी नऊपट असतं.

लोक ‘अ‍ॅसिट्रॉम’ या नावाने ओळखतात ती गोळी म्हणजेच असेनोकुमारॉल. ती चालू असेल तर के२ नसलेलं साधं कॅल्शियम-डी३ मागा. ते मिळतं, आणि बहुधा स्वस्तही पडतं. आधीच महिनाभर के२ वाली गोळी घेतली असेल, तर झटक्यात सोडून मोकळं व्हायचं नाही. के२ चालू असताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, 2 ते 3 मध्ये बसवण्यासाठी डॉक्टरांनी डोस वाढवला असू शकतो. के२ थांबल्यावर तोच डोस जास्त होतो, मग हिरड्यांतून रक्त, काळं शौच. थांबवण्याआधी सांगा आणि थांबवल्यावर आठवड्याच्या आत आयएनआर पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन या नव्या गोळ्यांना के२ ची अडचण नाही. मग सगळ्यांनाच नव्या का देत नाहीत? आपल्या भागात लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आकुंचलेले, म्हणजे मायट्रल स्टेनोसिस असलेले एएफचे रुग्ण अजून बरेच दिसतात. झडप मध्यम किंवा जास्त आकुंचलेली असेल, तर जुनीच गोळी ठेवतात. 2022 मध्ये साडेचार हजारांवर अशा रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रिव्हरोक्सॅबॅनपेक्षा जुन्या पद्धतीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले. ‘शेजाऱ्याला नवी गोळी दिली, मला का नाही’ म्हणून आपणहून बदलू नका.

हिरव्या भाज्यांचं उलटच होतं. अ‍ॅसिट्रॉमवर असलेली माणसं घाबरून मेथी, शेपू, पुंडी सगळं सोडतात. सोडायचं नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवड्याला तीन वेळा खात असाल तर तीनच वेळा. थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की रोज भाजी, रोज पराठा असं चालतं, आणि आयएनआर खाली का आला याचा शोध औषधांत लागतो.

फिश ऑइल: एएफसाठी नको, अजिबात नको

या डब्यावर हृदयाचं चित्र असतं. पुरावा उलटा आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 25,119 लोकांपैकी काहींना रोज 840 मिलिग्रॅम ईपीए-डीएचए, म्हणजे फिश ऑइलमधलं ओमेगा-3, काहींना 2000 युनिट डी३ दिलं. पाचेक वर्षांनी पाहिलं तर दोन्हींपैकी कशानेही एएफ टळला नाही. त्याच वर्षी सात चाचण्या, 81,210 लोक एकत्र करून पाहिलं, तेव्हा ओमेगा-3 घेणाऱ्यांत एएफ जास्त आढळला. दिवसाला एक ग्रॅमच्या आत असेल तर थोडा, एक ग्रॅमच्या वर सुमारे 49 टक्क्यांनी जास्त. युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये ओमेगा-3 च्या औषधांच्या माहितीत एएफ हा दुष्परिणाम म्हणून घालायला सांगितलं.

रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढली म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर एएफ आहे हे त्यांना आठवण करून द्या, परस्पर बंद करू नका. स्वतःहून आणलं असेल तर डबा परत कपाटात. हे मासे खाण्याबद्दल नाही. आठवड्यातून दोनदा बांगड्याची आमटी खाणाऱ्याने निश्चिंत राहावं. जवसाची चटणीही खुशाल खा.

पोटॅशियम: दुकानातून कधीच नाही

पोटॅशियम क्लोराइडचं सिरप सहज मिळतं. 15 मिलिलिटरमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, म्हणजे थोडं काम नव्हे. ज्याची लघवीची गोळी चालू आहे आणि पोटॅशियमचा रिपोर्ट 3.2, म्हणजे कमी आला आहे, त्याला डॉक्टर तेच देतात. पण त्याच घरात दुसरा माणूस टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनवर असतो आणि या दोन्ही गोळ्या पोटॅशियम शरीरात अडवून धरतात. त्याने तेच सिरप घेतलं, वर ‘बीपीला चांगलं’ म्हणून लो सोडियम मीठ, ज्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियमच असतं, आणि रोज शहाळं, तर पोटॅशियम सहावर जायला वेळ लागत नाही. तिथे हृदय थांबण्याचा धोका असतो, नुसत्या धडधडीचा नव्हे.

‘पोटॅशियम वरच्या टोकाला ठेवलं की एएफ होत नाही’ हा समजही तपासला गेला आहे. 2024 मध्ये बायपास झालेल्या 1,690 रुग्णांत एका गटाचं पोटॅशियम 4.5 च्या वर ठेवलं, दुसऱ्याला 3.6 च्या खाली आल्यावरच दिलं. एएफचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं.

इथे एक स्थानिक गोष्ट. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगलकडच्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी घेतलेलं रक्त दुपारी बेळगावच्या लॅबला पोचतं. वाटेत तांबड्या पेशी फुटल्या की त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटाच जास्त येतो. रक्त देताना मूठ जोरात आवळत-सोडत राहिलं तरी तेच. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असं लिहिलं असेल, तर त्यावर भरवसा न ठेवता मोठ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त द्या.

बाकीचं कपाट, भराभर

व्हिटॅमिन डी३: कमी असेल तर घ्या, हाडांसाठी. ठोक्यांशी संबंध नाही. 60,000 युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक असते. ती रोज खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि ठोक्यांचा वेग आवरणारी डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर ती गोष्ट गंभीर.

को-क्यू-10: महाग. रचना व्हिटॅमिन केसारखी, वॉर्फरिनचा परिणाम कमी झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. एएफसाठी पैसे टाकण्याजोगा पुरावा नाही. व्हिटॅमिन ई: 400 युनिट आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र नको, रक्तस्राव वाढतो. बी12: मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना कमी पडतं, तेवढ्यासाठी चांगलं, ठोक्यांसाठी नव्हे.

आयुर्वेदिक रॅकवरही हात आवरता घ्या. ज्येष्ठमध रोज, भरपूर घेतलं तर पोटॅशियम खाली येतं. अश्वगंधाने थायरॉइड वाढल्याची उदाहरणं आहेत, आणि वाढलेला थायरॉइड हे एएफचं जुनं कारण. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, जो इतर औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवू शकतो. भाजीतल्या हळदीला मात्र कुणी काही म्हणत नाही.

कपाटात नसलेला एक उपाय मात्र तपासलेला आहे. 2020 मध्ये 140 नियमित पिणाऱ्या एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितलं. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना एएफ पुन्हा आला, न सोडणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना. चोर्ला घाट उतरून गोव्याहून बाटल्या आणणाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या डब्याचा हिशोब याच्याशी लावून पाहावा.

दोन राज्यं, तीन चिठ्ठ्या

कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस हृदयासाठी महाराष्ट्रात कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, हाडांसाठी बेळगावला, तापासाठी गावातल्या डॉक्टरांकडे. तिन्ही चिठ्ठ्या वेगळ्या आणि कुणीही दुसऱ्याची पाहिलेली नाही. के२ शिरतं ते याच फटीतून. कधी रक्त पातळ करणारी एकच गोळी दोन ब्रँडच्या नावांनी दोनदा सुरू होते. उपाय साधा: एका कागदावर ब्रँडच्या नावाऐवजी स्ट्रिपवर खाली लिहिलेलं घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ. पूरक डबेही त्याच कागदावर. डॉक्टरांना दाखवायचा, मेडिकलातही दाखवायचा. डबा देण्याआधी “रक्त पातळ व्हायची गोळी कुठली चालू आहे?” असं विचारणारं मेडिकल सापडलं, तर थोडी सूट कमी मिळाली तरी तिथेच जा.

थायरॉइडची तपासणी करायची असेल तर आणखी एक डबा लक्षात ठेवा: केसांसाठीचं बायोटिन. पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळीने बऱ्याच लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटाच कमी येतो आणि थायरॉइड वाढलाय असं वाटतं. एएफच्या रुग्णाला मग नको ती गोळी सुरू होते. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि रक्त घेणाऱ्याला ते सांगून ठेवा.